उंट एक घर वर

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर बजावलं होतं, "मास्तर, यंदा काहीतरी हलकंफुलकं द्या. मुलांना बुद्धिबळाची कोडी घालायचात ना, त्याचे किस्से लिहा." किस्से आहेत, नाही असं नाही. पण बाप्पा, हलकंफुलकं माझ्याच्यानं होईल असं वाटत नाही. ज्यांना चकलीबरोबर गोड वाचायचं असेल त्यांनी पुढची पानं उलटावीत, तिथं पाककृती असतात.

मी मूळचा अकोल्याकडचा. सुरतेत एका मराठी शाळेत पाचवी ते सातवीला गणित शिकवायला आलो आणि तिथंच निवृत्त झालो. पोरं बहुतेक नवागामच्या वस्तीतली, काही भेस्तानची. आईबाप खानदेशातून, मराठवाड्यातून, आमच्या वऱ्हाडातून आलेले, कुणी लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या मागावर, तर कुणी सेंट्रिंगच्या कामावर. चारदोन घरं बँकेतल्या साहेबांची. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एक वर्ग रिकामा असायचा. त्या वर्गात मी बुद्धिबळ शिकवायचो, आणि दर शनिवारी सहा कोड्यांचा एक सायक्लोस्टाइल कागद वाटायचो.

कागद कसा निघायचा ते सांगतो, कारण सगळी भानगड त्यातच आहे. मेणाच्या स्टेन्सिलवर टोकदार लेखणीनं चौसष्ट घरं आखायची. सोंगट्यांची चित्रं काढणं जमायचं नाही, म्हणून अक्षरं लिहायची. रा, व, ह, उं, घो, प्या. काळ्या सोंगटीभोवती गोल. रेघ जरा जोरात ओढली की स्टेन्सिल फाटलं, पुन्हा पहिल्यापासून. मग शाळेच्या कपाटातलं ते शाईचं यंत्र फिरवायचं आणि हात काळे करून घरी जायचं. बायको म्हणायची, "तुम्ही मास्तर आहात की छापखान्यात नोकरीला आहात?"

आता कोडं. लोकांना वाटतं, सोंगट्या मांडल्या की झालं. कोडं शेवटाकडून बांधतात. आधी राजाला मात झालेली मांडायची, मग एकेक खेळी मागं यायचं. ते सोपं असतं. खरी मारामारी पुढं. उत्तर एकच असावं लागतं. मुलानं भलत्याच वाटेनं मात केली तर कोडं बाद. या भलत्या वाटेला मी चोरवाट म्हणायचो, आणि चोरवाटा बुजवण्यात माझी संध्याकाळच्या संध्याकाळ जायची. एक प्यादं इकडं सरकव, एक उंट तिकडं बसव. मग खाली लिहायचं, "पांढऱ्याची खेळी. दोन खेळ्यांत मात." ही ओळ म्हणजे मास्तरचा शब्द असतो. पोराला कळो न कळो, उत्तर आहे, एवढी खात्री त्याला असते. खऱ्या डावात असं कुणी खाली लिहून ठेवत नाही, हे मी मुलांना पुरेसं सांगितलं नाही.

गिऱ्हाइकं नमुनेदार होती. बँकेतले एक साहेब मुलाची कोडी स्वतः सोडवून पाठवायचे. उत्तरं बरोबर, पण अक्षर प्रौढ माणसाचं. मी खाली लाल शाईनं शेरा मारला, "हुशार आहे. स्वतः करण्याची सवय लावावी." साहेब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. एका पाचवीतल्या पोरीनं तर मला उघडंच पाडलं. ती कोडं न बघता पहिली खेळी "वजीर द्यायचा" असं लिहायची आणि सहातली चार बरोबर यायची. मी विचारलं, "अगं, कसं काय गं?" तर म्हणाली, "सर, तुम्हाला वजीर द्यायला लई आवडतं." वर्ग हसला, मीही हसलो. हसायला नको होतं. खरंच मला वजीर द्यायला आवडायचं. स्वतः कधी कुठली स्पर्धा जिंकलो नाही, मग कागदावर मर्दुमकी.

सहावीत सुरेखा आली. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या धास्तीनं गावाला पळालेली घरं हळूहळू परत येत होती, त्यात तिचंही घर होतं. बाप भिकनभाऊ नवागामला राहायचा, लूमवर दोन पाळ्यांत आलटून पालटून. घरी अहिराणी, शाळेत मराठी, गल्लीत गुजराती, आणि तिन्हीकडं मोजकंच बोलणार. पहिल्याच शनिवारी तिचं प्यादं शेवटच्या रांगेत पोचलं. वजीर घेतला असता तर डाव तिथंच संपत होता. तिनं घोडा घेतला.

समोरचं पोर खदखदा हसलं. मी म्हटलं, "घोडा काय घेतेस? वजीर घे."

"सर, घोड्याच्या घरात प्यादं गेलं की घोडाच होतो. अप्पा तसंच खेळतात."

हे आपलं देशी बुद्धिबळ. गावाकडं पारावर अजून तसंच चालतं. प्यादं ज्या घरात पोचेल तिथली सोंगटी होतं, राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. भिकनभाऊनं खोलीतल्या फरशीवर खडूनं पट आखून पोरीला हे शिकवलं होतं. मी काय म्हणायला हवं होतं? की तो एक खेळ आहे आणि हा दुसरा. मी भर वर्गात म्हणालो, "तुझे अप्पा चुकीचं खेळतात. इथं कागदावर जे आहे तेच खरं."

पोरीनं ते मनावर घेतलं. इतकं घेतलं की दुसऱ्या शनिवारपासून बापाबरोबर खेळणंच सोडलं. भिकनभाऊनं मला रस्त्यात सांगितलं, हसतहसतच, "मास्तर, आते ती मनासंगे खेयत नही. म्हनस, अप्पा तुमले येत नही." मला तेव्हा अभिमान वाटला होता, लाज वाटायला हवी होती.

पण पोर होती एक नंबर! माझे कागद ती वहीत चिकटवायची, खळ लावून, ओळीनं, आणि प्रत्येकाखाली उत्तर. वर्षभरात वर्गात तिला हरवणारं कुणी उरलं नाही. मग जिल्ह्यात खेळली, तिथंही पहिली. चौदा वर्षांखालच्या मुलींच्या राज्याच्या संघासाठी निवड स्पर्धा बडोद्याला व्हायची होती, तिथं तिचं नाव गेलं. तेव्हा ती सातवीत होती.

आणि सातवीतच सगळं अडत होतं. आमची शाळा सातवीपर्यंतच. पुढं आमच्या भागातल्या पोरींना गुजराती शाळेत जायचं तर लांब, फी वेगळी, जाणंयेणं वेगळं. बहुतेक जणी घरी बसायच्या आणि साड्यांना टिकल्या लावायच्या. भिकनभाऊ तसा वाईट माणूस नव्हता, सरळ बोलायचा. "मास्तर, फुकट शिकाडतीन, गाडी लेवाले यी, ते जाऊ दे तिले. नही ते घरमा तिनी मायले हात लागी."

एका हायस्कूलचे ट्रस्टी होते, रमणीकभाई. खेळाचे कप काचेच्या कपाटात ठेवायची त्यांना भारी हौस. मी त्यांच्याकडं खेटे घातले. शेवटी ते म्हणाले, "जुओ मास्तर, छोकरी राज्यनी टीममां आवे तो आठमामां एडमिशन पाक्कुं. फी नहीं, बस पण आपणी." मी विचारलं, "आणि नाही आली तर?" ते नुसते हसले. म्हणजे आठवी ते दहावी, फी माफ आणि न्यायला शाळेची बस, सगळं त्या एका स्पर्धेवर येऊन ठेपलं. सुरेखाला मी हे सांगितलं होतं. तिनं फक्त विचारलं, "आठवीत भूमिती असते ना सर?"

बडोद्याच्या तीन आठवडे आधी रमणीकभाई वर्ग बघायला आले. शनिवार होता. मी त्यांच्यासाठी खास कागद काढला होता, घाईघाईत, आदल्या संध्याकाळी. सहाव्या कोड्यात माझी आवडती मात होती. काळा राजा कोपऱ्यात, आपल्याच प्याद्यांनी कोंडलेला. पांढरा वजीर सरळ त्याला जाऊन भिडतो. राजाला तो मारता येत नाही, कारण वजिराला घोड्याचा जोर आहे. म्हणून काळ्या हत्तीला मारावा लागतो. हत्ती तिथं आला की राजाची उरलेली वाटही बंद. मग घोडा उडी मारून शह देतो आणि खेळ खलास. रमणीकभाईंना फळ्यावर समजावलं तेव्हा ते "वाह मास्तर, वाह!" करत मांडीवर थापा मारत होते.

सुरेखानं हात वर केला. "सर, सहावं होत नाही."

"काय होत नाही?"

"मात होत नाही. उंट घोड्याला मारतो की."

मी कागद पाहिला. दोन सेकंदही लागले नाहीत. पटाच्या अगदी कडेला मी एक काळा उंट ठेवला होता, एक चोरवाट बुजवायला. तो एक घर खाली हवा होता. माझ्या हातून एक घर वर लिहिला गेला होता, आणि तिथून त्याची तिरकी वाट नेमकी घोड्याच्या घरावर जात होती. पोरीचं शंभर टक्के बरोबर होतं.

"हो गं, चुकलं माझं," एवढंच म्हणायचं होतं. जीभ झडली असती का? पण शेजारी रमणीकभाई, फळ्यावर माझी ती मर्दुमकी, आणि आत्ताच घेतलेलं ते "वाह मास्तर". मी म्हणालो, "बस खाली. मात आहे. नीट बघ."

ती उभीच राहिली. "सर, पण उंट..."

"कागदावर लिहिलंय ना दोन खेळ्यांत मात? मग आहे. तुला दिसत नाहीये. उत्तर लिही."

ती बसली. कितीतरी वेळ कागदाकडं बघत राहिली. मग तिनं उत्तर लिहिलं, पहिली खेळी वजीर, दुसरी घोडा. मी तिच्या वहीत बरोबरची खूण केली. जाताना रमणीकभाई म्हणाले, "छोकरी जिद्दी छे." मी म्हटलं, "शिकेल."

सोमवारी मी उरलेले कागद फाडून टाकले, नवीन स्टेन्सिल कापलं आणि पुढच्या तुकडीला दुरुस्त कोडं दिलं. सुरेखाच्या वहीतला कागद तसाच राहिला. परत मागितला असता तर कारण सांगावं लागलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी मनाला समजावलं.

बडोद्याला मी, ती आणि भिकनभाऊ असे तिघं गेलो. भिकनभाऊनं पाळी बदलून घेतली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. सुरेखा छान खेळली. शेवटच्या फेरीला तिला अर्धा गुण पुरे होता, म्हणजे डाव बरोबरीत सुटला तरी संघात. पालकांना दोरीच्या पलीकडं बसवलं होतं. तिचा पट दोरीपासून दुसऱ्या टेबलावर होता, आम्हाला स्वच्छ दिसत होता.

सोंगट्या तिच्या पांढऱ्या, डाव तिच्याच बाजूला झुकलेला. समोरची मुलगी नखं खात होती. आणि मग हळूहळू ती मांडणी पटावर उभी राहिली. काळा राजा कोपऱ्यात, पुढं त्याचीच प्यादी, शेजारी हत्ती. पांढरा घोडा नेमक्या घरात. आणि कडेला, एक घर वर, काळा उंट. मी स्वतःशी म्हणत होतो, साधी खेळी कर बाई, वजीर मागं घे, बरोबरी माग, काहीही कर.

ती वीस मिनिटं हलली नाही. दोनदा उंटाकडं बघितलं, मी पाहिलं ते. मग वजीर उचलला आणि राजाला नेऊन भिडवला.

हत्तीनं वजीर मारला. तिनं घोडा टाकला. समोरच्या मुलीनं आधी तिच्याकडं, मग पटाकडं बघितलं, आणि उंटानं घोडा उचलून बाजूला ठेवला.

भिकनभाऊ माझ्या कानाशी आला. "मास्तर, तो उंट तठेच व्हता ना? तिले दिखना नही का?" उंट देशी खेळातही तिरकाच चालतो.

डाव अजून थोडा चालला, पण त्यात काही उरलं नव्हतं. सही करून ती बाहेर आली. रडत नव्हती. बाप पाणी आणायला गेला तेव्हा मी तिला विचारलं. वास्तविक विचारायचा मला काय अधिकार होता!

"सुरेखा, उंट दिसला नाही का?"

"दिसला सर."

"मग?"

"कागदावर पण तो तिथंच होता. तुम्ही म्हणाला होता मात आहे, मलाच दिसत नाही. मी पुन्हा पुन्हा बघितलं. तरी मला दिसेना." मग म्हणाली, "मला वाटलं, याही वेळी मलाच कळत नसेल."

तेव्हा तरी सांगायचं. पोरगी तेरा वर्षांची, समोर उभी, स्वतःला मठ्ठ समजतेय, आणि चूक माझी. मी म्हणालो, "चल, गाडीची वेळ झाली." परतीच्या प्रवासात भिकनभाऊनं तिला चणे घेऊन दिले. ती खिडकीतून बाहेर बघत एकेक खात होती.

दुसऱ्या दिवशी मी रमणीकभाईंकडं गेलो, शब्द टाकायला. एवढं तरी करू म्हटलं. त्यांनी विचारलं, "शुं थयुं मास्तर? जीतेली बाजी केम हारी?" खरं सांगायला ही जागा होती. सांगितलं असतं, साहेब, त्या शनिवारी तुमच्यासमोर पोरगी बरोबर होती आणि मी खोटा होतो, तर कदाचित त्या माणसाला पाझर फुटला असता. कदाचित नसता. मी काय म्हणालो ते इतकी वर्षं घरातही कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "घाई करते. मुलींचं असंच असतं, ऐन वेळी डोकं चालत नाही." रमणीकभाई म्हणाले, "तो पछी शुं करीए?" प्रवेशाचा विषय तिथंच मिटला, आणि त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. मी तो प्यायलो.

तुम्ही विचाराल, पुढं तिचं काय झालं. ठाऊक नाही. नवागाम माझ्या घरापासून सायकलवर पंधरा मिनिटं. गेलो नाही. कागद मात्र निवृत्त होईपर्यंत काढत राहिलो, लोक कौतुक करत राहिले, दोनदा शालही मिळाली. कौतुक चाललेलं असताना मध्येच उभं राहून सांगावं असं दरवेळी वाटायचं, आणि दरवेळी मी शेपूट घालायचो.

त्याच वर्षी, सातवीच्या निकालानंतर, भिकनभाऊ शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला आला. शिकायचं नसलं तरी वयाचा पुरावा म्हणून लागतो. सुरेखा बरोबर होती, तिच्या बोटांना टिकल्यांचा डिंक चिकटलेला. दाखले लिहायचं काम माझ्याकडंच होतं. नाव, जन्मतारीख, वर्तणूक चांगली, प्रगती उत्तम. शेवटचा रकाना, शाळा सोडण्याचे कारण. सातवी पास झालेल्या प्रत्येकाच्या दाखल्यावर तिथं एकच मजकूर असायचा. पेन थांबलं. त्या रकान्यात माझं नाव लिहायला हवं होतं. हेडमास्तर मागून म्हणाले, "लिहा हो, नेहमीचंच." मी "पुढील अभ्यासासाठी" असं लिहिलं आणि शिक्का मारला.

भिकनभाऊला वाचता येत नव्हतं. त्यानं दाखला कपाळाला लावून पोरीच्या हातात दिला आणि मला म्हणाला, "हारनी ते हारनी, मास्तर. तुम्हीन इतली मेहनत लिधी. तुम्हना उपकार शेतस."

सुरेखानं दाखला वरून खालपर्यंत वाचला. एकदा नाव वाचलं, मग ती शेवटची ओळ, मग पुन्हा नाव.

"सर, हा माझाच आहे का?"

"तुझाच."

"मग असं का लिहिलंय?"

"सगळ्यांना तसंच लिहितात," मी म्हणालो.